पपनसाचं सरबत आणि सहा पंच

“अगं, दोन घोट घेतले साहेबाने, तोंड वाकडं केलं आणि उरलेला पेला सरळ व्हरांड्याबाहेर ओतून दिला!”

सकाळचे साडेसात. मी तुळशीला पाणी घालत होते आणि कंपाउंडच्या भिंतीपलीकडून कुसुमताईंचा हा आवाज. सोसायटीतल्या भानगडी सांगायचा त्यांचा एक राखीव आवाज आहे. अर्धा दबलेला, आणि तरी तिसऱ्या बंगल्यापर्यंत स्वच्छ ऐकू जाणारा. मला वाटलं, काल रात्री कुणाला तरी काहीतरी झालं.

“कोण साहेब, ताई?”

“फेअर. कर्नल रॉबर्ट फेअर. रेसिडेंट.”

“कुठल्या बंगल्यातले?”

“छावणीतल्या. आपल्या सोसायटीतला रेसिडेंट नाही गं, इंग्रज सरकारचा!”

“आणि झालं कधी हे?”

“नऊ नोव्हेंबरला. १८७४च्या.”

मी तांब्या भिंतीवर ठेवला. आता आंघोळ नऊच्या आधी होत नाही, हे कळून चुकलं.

कुसुमताईंचं सासर दांडिया बाजारातलं. आजेसासरे बडोदा संस्थानच्या हिशेबखात्यात कारकून. सयाजीरावांना त्या अजून नुसतं ‘महाराज’ म्हणतात, नाव घेत नाहीत. आणि त्यांच्या आधीच्या मल्हाररावांचं नाव मात्र घरातल्या वाया गेलेल्या दिरासारखं घेतात. म्हणजे नावं ठेवायची, पण बाहेरच्याने ठेवली तर चालायचं नाही.

“पण आज सकाळी सकाळी ते सरबत कुठून आलं मध्येच?” मी विचारलं.

“नातवामुळे. गणपतीत चौकातली मुलं नाटक बसवतायत. कोर्टातलं पाहिजे म्हणे. युद्धातला मोठा पुढारी, हरलेला, आणि त्याच्यावर खटला. त्याने मला मोबाइलवर ते ‘टोकियो ट्रायल’ लावून दिलं. रात्री दीडपर्यंत बघितलं मी. इरफान खान आहे त्यात. काय शांत बोलतो गं! तो आपला न्यायमूर्ती झालाय, राधाबिनोद पाल.”

पालबाबूंची गोष्ट मला अर्धवट माहीत होती. ताईंनी ती कढीपत्ता ओरबाडता ओरबाडता पुरी केली. दुसरं महायुद्ध संपल्यावर जिंकलेल्या राष्ट्रांनी टोकियोत न्यायालय बसवलं. १९४६च्या मेमध्ये काम सुरू, १९४८च्या नोव्हेंबरात निकाल. अकरा देशांचे अकरा न्यायाधीश, समोर जपानचा युद्धकाळातला पंतप्रधान तोजो आणि त्याचे मंत्री, सेनापती. पंचवीस जणांना शिक्षा झाली, सात जणांना फाशी. आणि एकट्या पालबाबूंनी शेकडो पानं लिहून सांगितलं, की सगळे निर्दोष.

“म्हणजे जपान्यांनी काही केलंच नाही असं?”

“तसं कुठे म्हणाले ते! अत्याचार झाले, भयंकर झाले, हे त्यांनी मानलं. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. युद्ध सुरू झालं तेव्हा जो कायदाच नव्हता, तो जिंकल्यावर तयार करायचा आणि मागच्या तारखेने हरलेल्याच्या गळ्यात घालायचा, याला न्याय म्हणायचं का? मी नातवाला म्हटलं, बाबा रे, हे सगळं करायला टोकियोला कशाला जातोस? किमोनो भाड्याने आणाल, त्यापेक्षा पागोटी घरात आहेत. आपला तात्या टोपे काय कमी होता?”

एवढ्यात पलीकडच्या गल्लीतून हंसाबेन मेथीची जुडी घेऊन आल्या आणि भिंतीला टेकल्या. आमच्या भिंतीला तिसरं माणूस लागलं की बैठक कायदेशीर होते. हंसाबेनचं मराठी बडोद्याचं, म्हणजे निम्मं गुजराती, पण आमचं गुजरातीही निम्मं मराठीच असतं, त्यामुळे फिटंफाट.

“तात्या टोपे तो झाशीवाळा ने?” त्यांनी विचारलं.

“येवल्याचा. नाशिक जिल्ह्यातला,” ताई म्हणाल्या. “आणि झाशीपेक्षा आपल्याला जवळचा. १८५८च्या शेवटी तो नर्मदा उतरून खाली आला, परत वळला आणि बडोद्याच्या रोखाने निघाला. एक डिसेंबरला छोटा उदेपूरला ब्रिगेडियर पार्कने गाठलं त्याला. तिथून मागे फिरला. छोटा उदेपूर किती लांब आपल्याला? शंभरेक किलोमीटर. हंसाबेन, तुमचा भाचा रोज अपडाऊन करतो की तेवढं!”

“मग आला असता तर गायकवाडांनी घेतलं असतं का त्याला?” मी म्हटलं.

“खंडेराव महाराज इंग्रजांच्या बाजूला पक्के. दरवाजे लावून घेतले असते. पण पेठेतल्या मराठी घरांत त्या आठवड्यात दिवे उशिरापर्यंत जळले असतील, एवढं मी पैजेवर सांगते.”

मग ताईंनी तात्याची कैफियत उलगडली. सात एप्रिल १८५९च्या रात्री नरवरच्या मानसिंगाने दगा दिला आणि पारोणच्या जंगलात झोपेतला तात्या इंग्रजांच्या हाती लागला. पंधरा एप्रिलला शिवपुरीला लष्करी न्यायालय बसलं. अठरा एप्रिलला फाशी. पकडल्यापासून फासापर्यंत अकरा दिवस.

“आपल्या सोसायटीच्या मिटिंगची नोटीससुद्धा चौदा दिवस आधी लागते,” मी म्हटलं.

“ती तरी कुठे लागते! बरं, आरोप काय असेल सांग.”

“कानपूरचा. सतीचौरा घाट, बिबीघर.”

“मलाही तसंच वाटायचं. इंग्रजांच्या सगळ्या पुस्तकांतून तात्याचं नाव कानपूरशी बांधलेलं. १८५७च्या जूनमध्ये घाटावर होड्यांवर गोळीबार झाला, जुलैमध्ये बिबीघरात बायका-पोरं मारली गेली. वाईटच झालं ते, कुणी केलं असेल ते असो. पण आरोपपत्रात कानपूर हा शब्दच नाही. आरोप एकच: ब्रिटिश सरकारशी बंड आणि युद्ध, विशेष करून झाशी आणि ग्वाल्हेरला. झालं.”

“मग बायका-पोरांचं काय झालं?” हंसाबेननी मेथी निवडायची थांबवली.

“तेच तर! त्यांच्या जिवाचा हिशेब तिथे कुणी मागितलाच नाही. तात्याने स्वतःच्या जबानीत आपण होऊन सांगितलं, की जे केलं ते धन्याच्या हुकमाने केलं. काल्पीपर्यंत नानासाहेबांच्या, पुढे रावसाहेबांच्या. गोऱ्या बायका-पुरुष-मुलांच्या खुनांशी माझा संबंध नाही, मी कुणाला फाशी द्यायला सांगितलं नाही. खरं-खोटं करायला हवं होतं ना कुणीतरी? साक्षीदार बोलवायचे, उलटतपासणी घ्यायची. पण बंडाच्या आरोपाला साक्षीदार लागत नाहीत. सगळ्या हिंदुस्थानाने लढताना पाहिलेलं त्याला. सोपा आरोप तो लावला, अवघड तो गावभर पसरवला.”

मी गप्प बसले. ताई लसूण सोलताना जसं बोलतात तसंच हे बोलल्या, पण पाकळी नेमकी सुटली होती.

“मॅलेसन म्हणून त्यांचाच इंग्रज इतिहासकार,” त्या पुढे म्हणाल्या, “त्यालाही ही फाशी पचली नाही. तो लिहितो, हा माणूस जन्मला तेव्हा पेशवा आपल्या मुलखाचा धनी होता. इंग्रजांचं मीठ त्याने कधी बांधील म्हणून खाल्लेलंच नाही, तर बेइमानी कसली? पालबाबूंच्या साठ-सत्तर वर्षं आधी, गोऱ्या माणसाने!”

“पण मारी सासू केहता, फाशी गेला तो तात्या नव्हताच,” हंसाबेन म्हणाल्या.

“ते प्रत्येकीच्याच सासूने सांगितलंय. नानासाहेबाचं तर विचारूच नका, गावोगाव निघायचा तो. आणि बघा गंमत, १८७४च्या ऑक्टोबरात ग्वाल्हेरच्या जयाजीराव शिंद्यांनी एक माणूस पकडला आणि इंग्रजांना कळवलं की नानासाहेब सापडला. तो निघाला भलताच! हे ऑक्टोबरात आणि नोव्हेंबरात आपल्या इथे सरबत.”

अखेर आलो सरबतावर.

फेअरसाहेब सकाळी फिरून आले की त्यांच्यासाठी पपनसाच्या रसाचा पेला टेबलावर ठेवलेला असे. “चकोतरू,” हंसाबेननी मला समजावलं, जसं काही मी मंडईत कधी गेलेच नाही. त्या दिवशी दोन-तीन घोटांतच मळमळलं, पेला ओतला, तर तळाशी काळपट गाळ. रेसिडेन्सीच्या डॉक्टर सिवर्डनी तपासला, पुढे मुंबईच्या डॉक्टर ग्रेंनी. सोमल निघाला आणि हिऱ्याची पूड.

“हिरकणी!” मी म्हटलं.

“हिरकणी. जुन्या गोष्टींत राण्या जीव द्यायला खायच्या, ती. संशय कुणावर? दुसरं कोण, मल्हारराव! आणि खरं सांगू, माणूस काही संत नव्हता. भावाला, खंडेरावांना मारायचा कट केला म्हणून १८६३पासून सात वर्षं पादऱ्याला कैदेत होता. १८७०ला खंडेराव गेले, हा कैदेतून थेट गादीवर. आल्याबरोबर भावाच्या विश्वासातल्या माणसांना तुरुंगात घातलं. खंडेरावांनी चांदीच्या तोफा ओतल्या होत्या, तर याने सोन्याच्या ओतवल्या. रयत कर भरून मेटाकुटीला, आणि तोफा सोन्याच्या!”

“म्हणजे विष घातलं असणार,” हंसाबेननी निकाल दिला.

“थांबा. घाई करू नका. फेअर त्याच्या मागे हात धुऊन लागलेला. दादाभाई नौरोजी दिवाण म्हणून आले होते कारभार सुधारायला, त्यांनाही फेअर उभा राहू देईना. १८७३मध्ये चौकशी कमिशन बसलं, आणि सरकारने मल्हाररावाला १८७५च्या डिसेंबरअखेरपर्यंत मुदत दिली, कारभार नीट कर म्हणून. याने २ नोव्हेंबरला व्हाइसरॉयला खलिता पाठवला, हा रेसिडेंट बदलून द्या. आता मला सांगा, ज्याची बदली मागितलीय, उत्तर यायचंय, त्याला आठ दिवसांत विष कोण घालील? बॅलंटाइनने हेच विचारलं.”

“हा कोण?”

“महाराजाचा वकील. सार्जंट बॅलंटाइन. सार्जंट म्हणजे पोलिसातला नव्हे, विलायतेतल्या वकिलांची जुनी पदवी. बोटीने आणला खास. त्याची फी त्या काळातल्या सगळ्यात मोठ्या फियांपैकी एक म्हणतात. समोर सरकारकडून मुंबईचे अ‍ॅडव्होकेट जनरल स्कोबल. १४ जानेवारी १८७५ला सर लुईस पेलीने महाराजाला अटक केली होती. २३ फेब्रुवारीला आपल्या छावणीत कमिशनचं काम सुरू झालं. साक्षीला कोण कोण? रेसिडेन्सीचा रावजी हवालदार, नरसू जमादार, अमीना आया, महाराजाचा खाजगी चिटणीस दामोदरपंत. म्हणजे आपल्या कामवाल्या बायका, ड्रायव्हर आणि पी.ए. समज. रावजीच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली. कुणी शोधली? मुंबईहून आलेल्या पोलिसांनी, साहेबाच्या खोलीतल्या घटनेनंतर इतक्या दिवसांनी. बॅलंटाइनने त्या पुडीच्या अगदी चिंध्या केल्या. आणि दामोदरपंत माफीचा साक्षीदार. स्वतःची मान सोडवायला दुसऱ्याची द्यायची.”

“आणि पंच कोण?” मी विचारलं. तेच ऐकायला तर मी आंघोळ सोडून उभी होते.

ताईंनी कढीपत्त्याची काडी भिंतीवर आडवी ठेवली आणि तीन पानं अलीकडे, तीन पलीकडे मांडली.

“इकडे तीन साहेब. अध्यक्ष सर रिचर्ड काउच, कलकत्त्याचा मुख्य न्यायाधीश. मेलव्हिल. आणि तिसरा सर रिचर्ड मीड. आता हे मीडचं पान नीट बघ. तात्याला मानसिंगाकरवी पारोणच्या जंगलात पकडला कुणी? याच मीडने. १८७३चं कमिशन कुणाचं? याचंच. आणि आता १८७५ला खटल्याचा पंचही हाच!”

“आई गं,” मी म्हटलं. हंसाबेनना समजायला अर्धा क्षण लागला, मग त्यांनीही कपाळावर हात मारला.

“तिकडे तीन आपले. जयपूरचे महाराज रामसिंग. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे आणि त्यांचे जुने दिवाण सर दिनकरराव राजवाडे. ही दोन पानंही ओळखीची आहेत. १८५८च्या जूनमध्ये तात्या, रावसाहेब आणि लक्ष्मीबाई ग्वाल्हेरवर आले, शिंद्यांची फौज त्यांना जाऊन मिळाली, आणि हे दोघे आग्र्याला पळाले होते. म्हणजे तात्याला पकडणारा एका बाजूला आणि तात्यामुळे पळावं लागलेले दोघे दुसऱ्या बाजूला, सतरा वर्षांनी आपल्या बडोद्यात एका टेबलाला! नाटकात असं लिहिलं असतं ना, तर प्रेक्षक म्हणाले असते, जमवून आणलंय.”

“पछी? निकाल?”

“तिघा साहेबांचं एकमत, दोषी. आपल्या तिघांनी सांगितलं, गुन्हा सिद्ध होत नाही. तीन-तीन.”

भिंतीवर वारा आला आणि जयपूरचं पान उडालं. ताईंनी ते उचलून पुन्हा जागेवर ठेवलं.

“सुटले म्हणायचे मग मल्हारराव?” मी म्हटलं.

“सुटले कुठले! पंच फुटले तेव्हा सरकार अडलं. शेवटी लंडनहून भारतमंत्री सॉल्झबरीसाहेबाने मार्ग काढला. एप्रिलमध्ये जाहीरनामा निघाला, की विषाचं आम्ही धरत नाही. पण या माणसाचं एकंदर वर्तन वाईट, कारभार गलथान, राज्य करायची लायकी नाही. म्हणून गादीवरून दूर. डिसेंबरपर्यंतची मुदत दिलेली, ती विसरले. मद्रासला नेऊन ठेवलं, तिथेच १८८२ला गेला.”

“तात्याचंही तसंच,” माझ्या तोंडून निघालं. “ओरड कानपूरची, फाशी झाशी-ग्वाल्हेरची. इथे ओरड विषाची आणि शिक्षा गलथानपणाची.”

“हं. बरोबर धरलंस. जे बोंबलायचं ते सिद्ध होत नाही, आणि जे सिद्ध करायला लागत नाही त्याची शिक्षा.”

हंसाबेन अस्वस्थ झाल्या होत्या. त्यांना गोष्टीत दोषी माणूस लागतो. “पण ताई, मल्हारराव गेले ते सारूं ज थयुं ने? नहीं तो सयाजीराव कुठून आले असते?”

हा प्रश्न बडोद्यात कुणी टाळू शकत नाही. खंडेरावांच्या राणी जमनाबाईंनी कवळाण्याहून आलेल्या गोपाळला मे १८७५मध्ये दत्तक घेतलं. बारा वर्षांचं पोर, तेही नाशिक जिल्ह्यातलंच. त्याचे सयाजीराव झाले. ज्या बागेत आम्ही फिरतो, ज्या युनिव्हर्सिटीत आमची मुलं शिकली, ते सगळं त्या दत्तकामागून आलं.

ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. “आमचे आजेसासरेही हेच म्हणायचे,” त्या शेवटी म्हणाल्या. “पुढे सोनं निघालं म्हणून पंचांनी तोललं बरोबर, असं नाही होत. महाराज मोठे झाले ते स्वतःच्या गुणांनी. त्या जाहीरनाम्याचं पुण्य नाही ते.”

“मग नाटक कुठलं ठरलं? तात्या की मल्हारराव?” मी विषय हलका केला.

“मुलांना तात्या हवाय. तलवार आहे, जंगल आहे, शेवटी स्वतःच्या हाताने फास गळ्यात घालतो. टाळ्याच टाळ्या. मी म्हणते, मल्हारराव करा. इथल्याच छावणीत घडलेलं, आणि मराठी रंगभूमीला नवीनही नाही. खटला झाला त्याच वर्षी नारायण बापूजी कानिटकरांनी त्यावर नाटक लिहिलं होतं. पुढच्याच वर्षी, १८७६ला, इंग्रजांनी नाटकांना लगाम घालणारा कायदा केला. त्यामागे बंगालची नाटकंही होती म्हणा, पण धसका बघ!”

“मल्हाररावाचं काम कोण करणार? सगळ्यांना तात्या व्हायचंय.”

“तीच अडचण आहे. निर्दोष नायकाचा खटला कुणीही बघेल गं. वाईट माणसावर अन्याय झाला, हे बघायला लोक तिकीट काढत नाहीत. फुकट दाखवलं तरी अर्ध्यात उठतात.”

एवढ्यात वरच्या मजल्यावरचा भाडेकरू मुलगा स्कूटर काढून बाहेर गेला. त्याने आम्हाला नमस्कार केला. हंसाबेननी मान फिरवली, ताईंनी चष्मा सारखा केला.

यामागे एक कहाणी आहे. गेला महिनाभर रात्री कुणीतरी वरच्या टाकीचा वाल सोडतं आणि सकाळी आमच्या ओळीत नळाला फुसफुस वारा येतो. संशय या मुलावर, कारण तो रात्री उशिरा येतो. रविवारी मिटिंग झाली. कुणी त्याला वालापाशी पाहिलेलं नाही. वॉचमन आधी म्हणाला पाहिलं, मग म्हणाला पाहिल्यासारखं वाटलं. कमिटीत दोन तट पडले आणि चहा पिऊन सगळे उठले. कुसुमताई कमिटीच्या सेक्रेटरी.

“त्याचं काय ठरलं?” मी सहज विचारलं.

“काल मी नोटीस लिहून ठेवली,” ताई म्हणाल्या आणि गाऊनच्या खिशातून चौघडीचा कागद काढून हंसाबेनपुढे धरला. “वाचा. मराठी नीट झालंय ना बघा.”

हंसाबेननी एकेका अक्षरावर बोट ठेवत मोठ्याने वाचलं: “पाण्याच्या वालाबाबत काही सिद्ध झालेले नसले तरी, आपले एकंदर वर्तन समाधानकारक नसल्याने, महिनाअखेर जागा खाली…”

त्या थांबल्या. मी ताईंकडे बघितलं. ताई भिंतीवरच्या पानांकडे बघत होत्या. तीन इकडे, तीन तिकडे.

कुणीच काही बोललं नाही. कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, ती बहुतेक ताईंचीच. त्यांनी हंसाबेनच्या हातातून कागद घेतला, पुन्हा चौघडी घातली आणि खिशात ठेवला. सहाही पानं गोळा करून मुठीत धरली.

“पोहे टाकते,” त्या जाता जाता म्हणाल्या. “आणि हे बघा, आज रात्री मी गच्चीत बसते खुर्ची टाकून. वाल कोण सोडतं ते आधी डोळ्यांनी बघू. तुम्ही दोघी बाराला चहा घेऊन वर या.”